सार्वमताचा शिक्का आणि मोर्तब

वाङ्मयाच्या समीक्षकानें कायद्याच्या पुस्तकांकडे आणि आयोगांच्या अहवालांकडे वळावें, हा कित्येकांस अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, कादंबरी हीं आमचीं हक्काचीं क्षेत्रें. निवडणुका, हिशेब आणि दंड हे वकिलांचे व राजकारणी पुरुषांचे विषय, अशी विभागणी आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. परंतु सार्वमत नांवाच्या संस्थेकडे जो कोणी बारकाईनें पाहील, त्याच्या ध्यानांत येईल कीं ही संस्था अथपासून इतिपर्यंत शब्दांचीच बनलेली आहे. तिच्या आरंभीं एक वाक्य असतें, तें म्हणजे मतपत्रिकेवरील प्रश्न. मध्यें दोन्ही पक्षांचीं पत्रकें, भाषणें आणि जाहिराती असतात. अखेरीस लाखों लोकांनीं दिलेलें एका शब्दाचें उत्तर असतें. येथें उमेदवार नाहीं, त्याचें चारित्र्य नाहीं, त्यानें पूर्वीं केलेलें कार्य नाहीं. जें कांहीं आहे तें एक वाक्य आणि त्या वाक्याभोंवतीं उठलेला कोलाहल. वाक्याचा अर्थ, त्याचा कर्ता आणि त्याचा हेतु यांची चिकित्सा करणें हा तर समीक्षकाचा नित्याचा धंदा आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत सार्वमताच्या वाङ्मयाचें, आणि विशेषतः त्या वाङ्मयास लागणाऱ्या पैशावर ज्या नियमांनीं पहारा ठेवला जातो त्यांचें, परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

निवडणुकींत झालेली चूक कांहीं वर्षांनीं दुरुस्त करतां येते. ज्यास निवडून दिलें त्यास पुढील खेपेस पाडतां येतें, आणि तो सत्तेवर असेपर्यंत त्यास जाब विचारतां येतो. सार्वमताची गोष्ट निराळी. त्याचा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या टिकावा अशीच अपेक्षा असते. आणि ज्या संघटना त्यासाठीं उभ्या राहतात त्या मतमोजणीनंतर बहुधा विसर्जित होतात. दिलेलें वचन मोडलें तर तें कोणाच्या पदरांत बांधावयाचें, हा प्रश्नच राहतो. भारतीय संविधानांत सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाहीं, तेव्हां ही चिंता आपण कशाला वाहावी, असें कोणी म्हणेल. त्यास दोन उत्तरें आहेत. एक, १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत झालेला जनमत कौल हा मराठी माणसाच्या अगदीं उंबरठ्यावर घडलेला प्रसंग होता. आणि दुसरें, २३ जून २०१६ रोजीं ब्रिटननें युरोपीय संघांत राहावें कीं तो सोडावा यावर जें सार्वमत झालें, त्यांत ब्रिटनमध्यें वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकांस राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्यानें मताचा अधिकार होता. तेथें वर्षानुवर्षें राहिलेल्या फ्रेंच अथवा जर्मन नागरिकास तो नव्हता. लंडनमधील एखाद्या मराठी कुटुंबाच्या दारांतहि त्या वेळचीं पत्रकें पडलीं असतीलच.

मराठेशाहींतील राजपत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, पत्राच्या मस्तकीं शिक्का उठवीत आणि अखेरीस मोर्तब करीत. शिक्क्यानें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें पत्र कोठें संपलें तें कळे, म्हणजे मागाहून कोणास त्यांत अक्षर घुसडतां येत नसे. सार्वमताच्या प्रचारासंबंधीं निरनिराळ्या देशांनीं जे नियम केले आहेत, त्यांचें सार या दोन खुणांत सांगतां येईल. बोलणारा कोण आणि त्याच्या मागें पैसा कोणाचा, हें सांगणारा नियम म्हणजे शिक्का. किती खर्चावें आणि केव्हां थांबावें, हें सांगणारा नियम म्हणजे मोर्तब. माझें म्हणणें असें कीं, या दोन्ही खुणा पत्र मतदाराच्या हातीं पडण्याच्या आधीं उमटलेल्या असल्या पाहिजेत. पत्र वाचून आणि त्याप्रमाणें वागून झाल्यावर दोन वर्षांनीं उठविलेला शिक्का इतिहासकाराच्या उपयोगीं पडेल, मतदाराच्या नाहीं.

प्रथम प्रश्नाच्या वाक्याकडे पाहूं. स्कॉटलंडच्या २०१४ सालच्या सार्वमतापूर्वीं तेथील सरकारनें जो प्रश्न सुचविला होता, त्याचा आशय ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा याच्याशीं आपण सहमत आहांत काय?’ असा होता. ब्रिटनच्या निवडणूक आयोगानें हें वाक्य सामान्य मतदारांपुढें ठेवून त्याची परीक्षा केली आणि ‘सहमत आहांत काय’ हे शब्द उत्तरास एका बाजूला झुकवितात असा अभिप्राय दिला. अखेरचा प्रश्न ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा काय?’ एवढाच राहिला. पुढें २०१६ च्या सार्वमतासाठीं ‘संघाचें सभासद राहावें काय?’ असा एकांगी प्रश्न विधेयकांत होता. आयोगाच्या सूचनेवरून त्यांत ‘राहावें कीं सोडावें’ असे दोन्ही पर्याय घालण्यांत आले. भाषेच्या अध्यापकास या दोन दुरुस्त्यांचें महत्त्व सांगावयास नको. ‘नाहीं’ म्हणणें आणि ‘अमुक करावें’ म्हणणें यांत मनाचा कल निराळा असतो, हें नाटककार पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. कायद्यानें तें जाणलें ही संतोषाची गोष्ट आहे. शिवाय ही दुरुस्ती मतदानापूर्वीं झाली. संपूर्ण ब्रिटिश व्यवस्थेंत सर्वांत समाधानकारक असा भाग हाच आहे, आणि तो समाधानकारक असण्याचें कारण तो वेळेवर घडतो हें आहे.

गोव्याच्या कौलांत प्रश्न शब्दांपेक्षां चिन्हांनीं विचारला गेला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें अशा मतास फूल, आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून निराळें राहावें अशा मतास दोन पानें. चिन्हें सुबोध होतीं, दोहोंत डावें-उजवें कांहीं नव्हतें. उणीव होती ती पर्यायांत. स्वतंत्र घटक राज्य हा तिसरा मार्ग कागदावर नव्हताच; तो गोव्यास ३० मे १९८७ रोजीं मिळाला. कोंकणांत व गोव्यांत देवास कौल लावणारा मनुष्य जाणतो कीं देव फक्त विचारलेल्या गोष्टीचेंच उत्तर देतो. प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातीं केवढी सत्ता असते, हें यावरून समजावें.

प्रश्नानंतर सरकारच्या लेखणीचा विचार येतो, कारण सार्वमत मागणारें सरकार बहुधा स्वतःच एका बाजूस उभें असतें आणि त्याच्या हातीं सर्वांच्या कराचा पैसा असतो. ५ जून १९७५ च्या ब्रिटिश सार्वमतांत सरकारनें दोन्ही बाजूंस प्रत्येकीं १,२५,००० पौंड दिले, ही समबुद्धि प्रशंसनीय होती. परंतु घरोघरीं जीं पत्रकें गेलीं तीं तीन होतीं : एक अनुकूल पक्षाचें, एक प्रतिकूल पक्षाचें आणि एक खुद्द सरकारचें, आणि सरकारचें पत्रकहि अनुकूलच होतें. खाजगी देणग्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. अनुकूल पक्षाचा एकूण खर्च प्रतिकूल पक्षाच्या दहापटींहून अधिक झाला. त्या वेळीं सुमारें दोनतृतीयांश मतें एका बाजूस पडलीं, म्हणून या तिसऱ्या पत्रकाचा हिशेब कोणी फारसा विचारला नाहीं. मोठ्या मताधिक्याच्या पोटांत पुष्कळ अन्याय पचून जातात. ते दिसूं लागतात निकाल अटीतटीचा झाला म्हणजे.

आयर्लंडमध्यें तसेंच घडलें. घटस्फोटास परवानगी देणाऱ्या घटनादुरुस्तीवर २४ नोव्हेंबर १९९५ रोजीं मतदान व्हावयाचें होतें, आणि सरकारनें अनुकूल प्रचारासाठीं पांच लाख पौंडांची तरतूद केली होती. पॅट्रिशिया मॅकेना या बाईंनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि मतदानास अवघा एक आठवडा उरला असतां सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं एका पक्षाच्या प्रचारासाठीं सार्वजनिक पैसा खर्च करणें घटनाबाह्य आहे. ठराव ९,११४ मतांनीं पसार झाला. पुढें निकालच रद्द करावा म्हणून अर्ज झाला. परंतु सरकारच्या पैशानें निकाल बदलला हें सिद्ध झालें नाहीं, म्हणून १९९६ सालीं तो फेटाळला गेला. हें सिद्ध तरी कसें व्हावें? मतदाराच्या मनांत कोणतें वाक्य कोणत्या क्षणीं रुजलें, हें त्यास स्वतःसहि सांगतां येत नाहीं. आणि मतपेटी तर गुप्त. अपराध सिद्ध होतो, परिणाम सिद्ध होत नाहीं, अशी ही विचित्र अवस्था आहे. नंतर १९९८ च्या कायद्यानें आयर्लंडनें प्रश्नाची निःपक्षपाती माहिती देण्यासाठीं स्वतंत्र सार्वमत आयोग नेमण्याची व्यवस्था केली, ती याच अनुभवांतून.

ब्रिटननें २००० सालीं जो मोठा कायदा केला, त्यांत सरकारच्या लेखणीस मतदानापूर्वींचे अठ्ठावीस दिवस विश्रांति दिली आहे. २०१६ सालीं सरकारनें आपलें पत्रक एप्रिल महिन्यांत घरोघरीं पोंचविलें, खर्च सुमारें ९३ लाख पौंड झाला. प्रचाराच्या मुख्य संघटनेस कायद्यानें घालून दिलेली मर्यादा ७० लाख पौंडांची होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या एका पत्रकाचें वजन कळतें. अठ्ठावीस दिवसांची मुदत अद्यापि सुरू झालेली नव्हती, म्हणून कायद्याच्या अक्षरास धक्का लागला नाहीं. असें मोर्तब काय कामाचें, ज्याच्या आधीं हवें तेवढें लिहून घेतां येतें?

स्वित्झर्लंडचें उदाहरण यापेक्षां उद्बोधक आहे. विवाहित जोडप्यांवर पडणाऱ्या अधिक कराविरुद्ध आणलेला एक प्रस्ताव २८ फेब्रुवारी २०१६ रोजीं शेंकडा ५०.८ मतांनीं फेटाळला गेला. मतदारांस पाठविलेल्या सरकारी पुस्तिकेंत, या कराचा फटका बसणाऱ्या उभयतां कमावत्या जोडप्यांची संख्या सुमारें ८०,००० दिली होती. पुढें २०१८ सालीं सरकारनेंच कबूल केलें कीं ती संख्या ४,५४,००० होती. १० एप्रिल २०१९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें मतदान रद्द ठरविलें. त्या देशाच्या राष्ट्रीय मतदानाच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. निकाल निसटता होता आणि चूक मोठी होती, या दोन गोष्टी न्यायालयानें एकत्र विचारांत घेतल्या. प्रत्येक मनांत काय परिणाम झाला याचा पुरावा मागण्यापेक्षां, पुस्तिकेंत काय लिहिलें होतें आणि सत्य काय होतें, यांतील अंतर मोजणें हाच मार्ग व्यवहार्य आहे. मूळ पाठ आणि भ्रष्ट पाठ शेजारीं ठेवून पाहणाऱ्या संशोधकास ही रीत परिचित वाटेल.

आतां पैशाच्या मर्यादेकडे वळूं. वेल्समधील १९९७ चें सार्वमत केवळ ६,७२१ मतांनीं निकालांत निघालें. त्यानंतर लॉर्ड नील यांच्या समितीनें १९९८ सालीं अहवाल दिला, आणि त्याच्या पायावर २००० चा कायदा उभा राहिला. त्याची रचना थोडक्यांत अशी : प्रत्येक बाजूची एक प्रमुख संघटना आयोगानें निवडावी, तिला २०१६ सालीं ७० लाख पौंडांपर्यंत खर्चाची मुभा, नोंदणी केलेल्या इतर संघटनांस सात लक्षांपर्यंत, आणि दहा हजारांच्या आंत खर्च करणाऱ्यास नोंदणीचेंहि बंधन नाहीं. रचना साधी आहे, परंतु तिच्यांत एक छिद्र उघड आहे. मुख्य संघटनेची मर्यादा भरत आली, तर शेजारीं एक धाकटी संघटना उभी करून तिच्या नांवानें खर्च करतां येईल. म्हणून कायद्यानें म्हटलें कीं समान योजनेनें काम करणाऱ्यांचा खर्च एकत्र धरावा. येथें कायदा अगदीं वाङ्मयीन प्रश्नापाशीं येऊन उभा राहतो : दोन नांवांनीं छापलेल्या ग्रंथांचा कर्ता एकच आहे, हें ओळखावयाचें कसें?

१७ जुलै २०१८ रोजीं आयोगानें आपला निर्णय प्रसिद्ध केला. संघ सोडावा म्हणणाऱ्या प्रमुख संघटनेनें एका तरुण संघटनेबरोबर समान योजनेनें काम केलें, त्या संघटनेच्या नांवें झालेला सुमारें पावणेसात लक्ष पौंडांचा जाहिरातखर्च तिच्या खात्यांत धरला पाहिजे, आणि तो धरतां मर्यादा सुमारें साडेचार लक्षांनीं ओलांडली गेली, असें त्यानें ठरविलें. दंड झाला तो ६१,००० पौंडांचा. त्यांतहि २०,००० चौकशीच्या नोटिशीस दाद न दिल्याबद्दल. संघटनेनें अपील केलें आणि २०१९ सालीं तें मागें घेतलें. धाकट्या संघटनेच्या चालकास झालेला निराळा दंड त्याच वर्षीं न्यायालयानें रद्द केला. दुसऱ्या बाजूची मंडळीहि अगदींच धुतल्या तांदळासारखी नव्हती; लिबरल डेमोक्रॅट पक्षास हिशेबांतील दोषांबद्दल १८,००० पौंडांचा दंड २०१७ सालींच झाला होता. कोणत्या पक्षाचें पारडें अधिक मळलें, हा येथें मुद्दा नाहीं. सत्तर लक्षांची मर्यादा असतां एका अपराधास वीस हजारांपलीकडे दंड करण्याचा अधिकारच आयोगास नव्हता, हा मुद्दा आहे. ज्या दंडाची रक्कम आधींच ठाऊक आहे आणि जो खर्चाच्या मानानें क्षुल्लक आहे, त्यास व्यापारी मनुष्य दंड म्हणत नाहीं, जकात म्हणतो. आणि ही जकात भरली गेली तेव्हां मतदान होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं.

मर्यादेपेक्षांहि मला नांवाचा नियम अधिक मोलाचा वाटतो. त्याच सार्वमताच्या वेळीं ‘मेट्रो’ नांवाच्या फुकट वांटल्या जाणाऱ्या वृत्तपत्रास चार पानांच्या जाहिरातीचें वेष्टन चढविण्यांत आलें; खर्च सुमारें २,८२,००० पौंड. जाहिरातीचे पैसे दिले उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षानें, आणि तें वृत्तपत्र उत्तर आयर्लंडमध्यें वांटलेंच जात नव्हतें. पक्षास ४,३५,००० पौंडांची देणगी मिळाली होती. तेथील जुन्या हिंसाचारामुळें देणगीदारांच्या जीवितास अपाय होऊं नये म्हणून त्यांचीं नांवें गुप्त ठेवण्याचा कायदा होता. पुढें पक्षानेंच देणाऱ्या मंडळाचें नांव सांगितलें. त्या मंडळास पैसा कोणी दिला, तें मात्र उजेडांत आलें नाहीं. सकाळीं आगगाडींत बसून तें पान उलगडणाऱ्या लंडनच्या मनुष्यास कोण आपल्याशीं बोलत आहे हें कळण्याचा कांहीं मार्ग नव्हता. दुर्बळांच्या संरक्षणासाठीं घातलेला पडदा येथें भलत्याच पाहुण्यांच्या उपयोगीं पडला.

आपल्याकडे वृत्तपत्रांत बिनसहीचा अग्रलेख लिहिण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यांत अप्रामाणिक असें कांहीं नाहीं. कारण १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें नांव व मुद्रणस्थळ घालणें बंधनकारक झालें होतें. लेखकाचें नांव नसलें तरी जबाबदार कोण हें वाचकास ठाऊक असे. याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. ‘केसरी’तील बिनसहीच्या लेखांबद्दल १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस मंडालेस जावें लागलें, तें त्यांनीं ती जबाबदारी उघडपणें पत्करली होती म्हणूनच. नांवाची नोंद ज्याच्या हातीं असते तो परकी आणि जुलमी असेल, तर तीच नोंद बेडी होते. म्हणून नांवाचा नियम हवा असें म्हणतांना, त्याचा रखवालदार सत्तेपासून स्वतंत्र हवा हेंहि त्याच श्वासांत म्हटलें पाहिजे. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यानें महाजालावरील राजकीय जाहिरातींवरहि प्रकाशकाचें नांव घालणें सक्तीचें केलें, आणि तो नियम १ नोव्हेंबर २०२३ पासून अमलांत आला. परंतु त्याच कायद्यानें निवडणूक आयोगाच्या धोरणाविषयीं निवेदन काढण्याचा आणि तें आयोगानें लक्षांत घ्यावें असा अधिकार मंत्र्यांस दिला. एका हातानें दिवा लावला आणि दुसऱ्या हातानें त्याची वात आपल्याकडे ठेवली, असें याचें वर्णन केलें तर तें अन्यायाचें होणार नाहीं.

रखवालदार नसला म्हणजे त्याची जागा कोण घेतो, हें आयर्लंडनें २०१८ सालीं दाखविलें. गर्भपातविषयक सार्वमत २५ मे रोजीं होतें. महाजालावरील जाहिरातींना तेथें पुरेसा कायदा नव्हता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत फेसबुकनें परदेशांतून येणाऱ्या जाहिराती बंद केल्या, आणि लगेच गूगलनें त्या विषयावरील सर्वच जाहिराती थांबविल्या. एका राष्ट्राच्या घटनादुरुस्तीच्या चर्चेंत शेवटचे दोन आठवडे कोणी काय बोलावें, याचा निर्णय परदेशांतील दोन व्यापारी कंपन्यांनीं केला. तो निर्णय बरा होता कीं वाईट, याविषयीं मतभेद होतील. तो करण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, याविषयीं होऊं नयेत.

या सर्व नियमांवर एक गंभीर आक्षेप आहे. पैसा म्हणजे छापखाना, सभागृह, ध्वनिक्षेपक. पैशास मर्यादा घालणें म्हणजे वाणीसच मर्यादा घालणें, आणि मतदार कांहीं मूर्ख नसतो, असें आक्षेपक म्हणतात. कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या १९७८ च्या कायद्यानें दोन बाजूंच्या दोन समित्यांमार्फतच खर्च करावा असा कडक दंडक घातला होता. दोहोंपैकीं एकींतहि ज्यास सामील व्हावयाचें नाहीं, त्यानें काय करावें? लिबमन नांवाच्या गृहस्थांच्या खटल्यांत १९९७ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो दंडक अतिरेकी म्हणून मोडीत काढला. परंतु दोन्ही बाजूंस सारखी संधि मिळावी म्हणून खर्चास मर्यादा घालण्याचा हेतु योग्य आहे, असेंहि सांगितलें. हा निर्णय मला सर्वस्वीं मान्य आहे. मतदार मूर्ख आहे या समजुतीवर हे नियम उभे नाहींत. तो शहाणा आहे, आणि शहाणा मनुष्य कोणाचेंहि म्हणणें ऐकतांना प्रथम बोलणारा कोण हें पाहतो, या समजुतीवर ते उभे आहेत. त्याच्यापासून बोलणाऱ्याचें नांव लपविणें हाच त्याच्या शहाणपणाचा अपमान आहे.

त्याच क्वेबेकमध्यें ३० ऑक्टोबर १९९५ रोजीं स्वातंत्र्याचा प्रस्ताव ५४,२८८ मतांनीं हरला. विरोधी बाजूनें सुमारें ५,३९,००० डॉलर कायद्याबाहेर खर्च केले, असा निष्कर्ष न्यायमूर्ति ग्रेनिए यांच्या चौकशींत निघाला. तो अहवाल २००७ सालीं आला. मध्यें बारा वर्षें गेलीं. ज्यांनीं १९९५ सालीं प्रथमच मत दिलें होतें त्यांची तोंवर तिशी आली होती. अहवाल कितीहि प्रामाणिक असो, तो हरलेल्या बाजूस एवढेंच सांगतो कीं तुमची शंका निराधार नव्हती. अशा वाक्यानें जखम भरत नाहीं. ती पुन्हां उघडी पडते.

तेव्हां मागणें कोणतें? स्वित्झर्लंडनें ऑक्टोबर २०२२ पासून जो नियम लागू केला आहे त्यांत दिशा दिसते. पन्नास हजार फ्रँकांहून अधिक खर्चाचा प्रचार करणाऱ्यानें आपलें अंदाजपत्रक आणि पंधरा हजारांहून मोठ्या देणगीदारांचीं नांवें मतदानापूर्वीं पंचेचाळीस दिवस सादर करावयाचीं, आणि तीं लोकांस पाहावयास मिळावयाचीं. हा शिक्का पत्राच्या मस्तकीं उमटतो. त्यास जोड हवी ती अशी : सरकारची लेखणी सार्वमताची तारीख जाहीर झाल्या दिवसापासून थांबावी, शेवटच्या चार आठवड्यांपुरती नव्हे, दंड अतिक्रमाच्या प्रमाणांत असावा, ठराविक रकमेचा नसावा, तक्रारीचा प्राथमिक निर्णय मतदानाच्या आधीं देण्याइतकी माणसें व अधिकार रखवालदारापाशीं असावेत, आणि निकाल निसटता असून दोष मोठा असेल, तर मतदान पुन्हां घेण्याची वाट कायद्यांतच आंखून ठेवावी. यांपैकीं एकहि गोष्ट अपूर्व नाहीं. प्रत्येकीचें बीज कोठें ना कोठें पेरलें गेलेलें आहे.

गोव्यांत १९६६ सालीं असा तपशीलवार कायदा कोणी रचला नव्हता; परंतु एक गोष्ट वेळेवर झाली. विलीनीकरणाच्या बाजूचें मंत्रिमंडळ सत्तेवर असतां कौल निःपक्षपाती होणार नाहीं अशी विरोधकांची तक्रार होती, आणि डिसेंबर १९६६ मध्यें दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. सरकारी गाडी, सरकारी कचेरी आणि सरकारी लेखणी त्यांच्या हातून गेली. त्यानंतर जें वाग्युद्ध झालें त्यांत मराठी भाषा दोन्ही बाजूंनीं लढली; पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाचा कैवारी आणि मडगांवचा ‘राष्ट्रमत’ त्याचा विरोधक, दोन्ही मराठी दैनिकें, आणि कोणतें पत्र कोणत्या बाजूचें हें प्रत्येक वाचकास ठाऊक होतें. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं. महाराष्ट्रांतील पुष्कळांस तो निकाल कडू लागला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांस मत नव्हतें, ही तक्रारहि राहिली. तरी निकाल टिकला. लागलीच मार्च १९६७ मध्यें विधानसभेची निवडणूक झाली, आणि कौलांत हरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षासच लोकांनीं तीसांपैकीं सोळा जागा देऊन बांदोडकरांस पुन्हां मुख्यमंत्री केलें. एका प्रश्नावर त्यांचें म्हणणें नाकारून दुसऱ्यावर त्यांच्यावर विश्वास टाकणें मतदारांस जड गेलें नाहीं. आणि हरलेल्या मुख्यमंत्र्यासहि त्याच लोकांपुढें पुन्हां मत मागावयास जाणें जड गेलें नाहीं. ब्रिटनमध्यें २०१६ नंतर जो कडवटपणा वर्षानुवर्षें राहिला, त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण हरलेल्यांस आपला पराभव निर्मळ होता असें म्हणतां आलें नाहीं, हें त्यांतील एक आहे, आणि तेंच एक असें आहे कीं जें चांगल्या नियमांनीं टाळतां आलें असतें.